नाव काढ

मी हे लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि अर्जसुद्धा आम्ही गल्लीतल्या गुरुजींकडून लिहून घ्यायचो. एखाद्या माणसावर लिहायचं तर त्याला पुरतं ओळखायला हवं. काकांना मी जेमतेम तीन वर्षं ओळखत होतो, आणि त्यातलं शेवटचं वर्ष त्यांना टाळण्यात गेलं. शिवाय ज्याच्या हातून नुकसान झालं त्यानंच ज्याचं नुकसान झालं त्याचं चित्र काढायला बसावं, हे बरंही दिसत नाही. तरी लिहितो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

काका आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक होते. चपला दाराबाहेर काढायला लावायचे, आणि एसी बिघडलेला असला तरी अंगात करडा हाफ स्वेटर असायचा. पोरांनी सुरुवातीला त्यांना सर म्हणून पाहिलं. ते म्हणायचे, "सर वर बसत्यात, फळ्यापाशी. मी सहायक. काका म्हण, नायतर काय म्हणू नको."

कुणालाही ते नावानं हाक मारत नसत. ज्या मशीनवर पोरगा बसायचा, तो त्याचा नंबर. मी तेवीस. माझं आडनाव त्यांनी मला कधीच विचारलं नाही. आमच्याकडे आडनाव सांगितल्यावर समोरच्याचं पुढचं बोलणं थोडं बदलतं. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना तेवीस नंबर असण्यातला आराम कळेल.

जो पोरगा आला नाही त्याची खुर्ची ते भिंतीकडे तोंड करून ठेवत. आठ दिवस आला नाही तर आठ दिवस तशीच. दुसऱ्या कुणाला तिच्यावर बसू देत नसत. एकदा प्राध्यापक चिडले, "अहो, पोरं उभी आहेत आणि तुम्ही खुर्च्या रुसवून ठेवल्यात!" काका म्हणाले, "ती रुसली नाय सर. वाट बघतीय."

त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. एक, "आधी वाच, मंग बडव." स्क्रीनवर काहीही प्रश्न आला की आम्ही न वाचता एंटर मारायचो, त्यावर हे. ते स्वतः प्रत्येक सूचना, प्रत्येक चूक मोठ्यानं वाचत, घरी आलेलं पत्र वाचावं तशी. आणि दुसरं, "मधी कोण बसलंय ते बघ." नेट बंद पडलं, प्रिंट आली नाही, शिष्यवृत्तीचा कागद अडला, काहीही झालं तरी काकांच्या मते इथली बाजू बरी असते आणि तिथलीही बरी असते, घोळ मधल्याचा असतो.

आम्ही पाचोडचे. वडील आठवडी बाजारात गुरांचे दोर, दावी-कासरे विकतात. प्रवेशाच्या दिवशी ते माझ्यासोबत कॉलेजच्या फाटकापर्यंत आले, आत आले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "नाव काढ." पहिल्या सत्रात मी गणितात आणि आणखी एका विषयात नापास झालो. घरी काही न सांगता वाळूजच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला लागलो आणि बजाजनगरात चौघांत एक खोली केली. दहा-बारा दिवसांनी फोन आला.

"तेवीस नंबर का?"

"कोण बोलतंय?"

"खुर्ची भितीकडं तोंड करून बसलीय तुझी. तिला काय सांगू?"

मी फोन कापला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ते म्हणाले, "परीक्षेचा फॉर्म उद्या बंद होतोय. तुझी सही मी ठोकणार नाय, तेवढा खोटेपणा जमत नाय मला. तू ये." मी गेलो. खुर्ची त्यांनी सरळ करून ठेवली होती. चपलांकडे बोट दाखवलं, कारण त्या मी घाईत काढल्या नव्हत्या.

पुढं कळलं की असे फोन ते वर्षानुवर्षं करत होते. शिक्षण अर्ध्यात सोडलेल्या प्रत्येकाची नोंद त्यांच्याकडे होती: मशीन नंबर, नाव, गाव, फोन, आणि का सोडलं याबद्दल जे कानावर आलं ते. ऑफिसात अशा पोरांना 'नाव काढलेले' म्हणतात. काका म्हणायचे, "हापिस नावं काढतं, मी नावं ठेवतो." आणि स्वतःच हसायचे. मी त्यांना हसताना फारसं पाहिलं नाही, म्हणून हे लक्षात आहे. हे वेड कशामुळे लागलं, ते मला माहीत नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "हजेरी अपुरी ऱ्हायली की झोप लागत नाय."

प्रत्येक फोननंतर ते शेरा लिहीत. एक गवंडीकाम करणारा म्हणाला होता, "काका, आता कसली परीक्षा, माझं पोरगं शाळेत जातंय." त्यापुढं शेरा: "पोरगं शाळेत जातं. उत्तम." एकानं शिव्या दिल्या. शेरा: "रागावला. परत करू नये. दिवाळीनंतर करावा."

मी दुसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा ते निवृत्त झाले. प्रयोगशाळेचं कपाट रिकामं करताना त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या. काकांना त्याचं फार वाटलं नाही, कारण दोन वर्षं एका बोटानं टाइप करून सगळी नावं त्यांनी आधीच संगणकात घातली होती. ते बजाजनगरात मुलाकडे राहायला गेले. कॉलेज सुटलं की मी आठवड्यातून दोनदा तिथं जायचो. त्यांना एक प्रोग्राम हवा होता: सकाळी संगणक उघडला की आज कुणाला फोन करायचा, ते एक नाव समोर यावं. हे मला एकट्याला जमण्यासारखं नव्हतं. मी त्यांना कोड लिहिणाऱ्या एआय सहायकाबद्दल सांगितलं. आपण साध्या भाषेत काम सांगायचं, तो फाइली उघडतो, कोड लिहितो, चालवून बघतो. काका म्हणाले, "जलमभर मी सहायक. आता मला सहायक?"

त्याच्याशी ते मराठीत बोलत, नीट, पूर्णविराम देऊन. तो काही करण्याआधी विचारायचा, ही फाइल बदलू का, हे चालवू का. काका प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचत, मान हलवत आणि म्हणत, "हं, करा." मग होकार दाबत. एका प्रश्नाला दोन-तीन मिनिटं. आधी वाच, मंग बडव.

महिन्याभरात प्रोग्राम उभा राहिला, पण सहायकाची फुकटची मुदत संपली. पुढं चालू ठेवायला मूळ कंपनीच्या साइटवर काकांचं बँकेचं कार्ड चालेना. बाहेरच्या देशाचा व्यवहार म्हणून बँक नाकारायची. मी शोधाशोध केली. एक मधली कंपनी सापडली, जी आपली विनंती घेते, तिच्याकडच्या मॉडेलकडे, म्हणजे सहायकाच्या डोक्याकडे, पाठवते आणि उत्तर परत आणून देते. सहायक तोच ठेवायचा, फक्त त्याच्या सेटिंगच्या फाइलीत तीन ओळी बदलायच्या: कुठं जायचं तो पत्ता, आत शिरायची किल्ली आणि मॉडेलचं नाव. अभ्यासक्रमाबाहेरचं असं काही मी पहिल्यांदाच करत होतो. खरं सांगायचं तर मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

काकांनी लगेच विचारलं, "म्हंजे मधी कुणीतरी बसणार."

"हो काका, पण नुसतं पोचवायला."

"पोचवणारा वाचत नसंल कशावरून?"

"वाचेल कदाचित," मी म्हणालो. "आपण काय गुपित लिहितोय?"

"पोरांचे फोन नंबर हायेत त्यात," काका म्हणाले. मग आम्ही सहायकालाच सांगून नावं-नंबर एका वेगळ्या फाइलीत ठेवले, आणि ती फाइल उघडून वाचायची नाही, लागेल तेव्हा प्रोग्राम चालवून काम करायचं, असं त्याला बजावलं. हे काकांचं डोकं. मला सुचलं नसतं.

तीन ओळी त्यांनी आधी एका कोऱ्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतल्या. मी किल्ली वाचत होतो, ते लिहीत होते. "हे पूज्य का मोठा ओ?" असं त्यांनी इतक्यांदा विचारलं की किल्ली लिहायला पाऊण तास गेला. सगळं भरलं, सुरू केलं, तर चूक आली: पत्ता सापडला नाही. मी दोन दिवस डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी काका ती चूक पुन्हा मोठ्यानं वाचत होते. मध्येच थांबले.

"तेवीस, तू घरी पत्र टाकताना पत्ता कसा लिहितो?"

"मुक्काम पोस्ट पाचोड."

"आन् पोस्टमनबी वरून पाचोड लिहीत असंल तर? हे बघ. ह्या पत्त्यात व्ही-वन दोनदा आलंय. एक आपण लिहिलंय, एक सहायक आपल्या मनानं जोडतोय. पाचोडात जाऊन पाचोड हुडकतंय ते."

खरंच तसं होतं. शेवटचा तुकडा पुसला आणि सहायक बोलायला लागला. त्या दिवशी काका पुन्हा हसले, आणि सुनेला हाक मारून चहा सांगितला.

आता जे लिहायचं आहे ते मी बरेच दिवस लांबवत होतो.

मधल्या कंपनीकडचं मोठं मॉडेल हळू चालायचं. मी तिसऱ्या ओळीत त्याऐवजी बारक्या मॉडेलचं नाव घातलं. काकांच्या लक्षात आलं. "ह्याचं मराठी जरा परगावचं वाटतंय रे." मी म्हणालो, सवय होईल. आणि एका संध्याकाळी, पाचोडची बस गाठायची होती आणि काका एकेक प्रश्न वाचून "हं, करा" म्हणत होते, तेव्हा ते चहाचा कप ठेवायला आत गेले आणि मी सेटिंगमध्ये चौथी एक ओळ टाकली. यापुढं विचारू नको, थेट कर, अशा अर्थाची. काम दहा मिनिटांत झालं. मला बस मिळाली.

पुढच्या खेपेला काका म्हणाले, "आता हे विचारत का नाय?"

"तुमच्यावर विश्वास बसला त्याचा," मी म्हणालो.

"विश्वास बसला व्हय?" ते खूश झाले. त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो.

त्या हिवाळ्यात परिपत्रक आलं की जुन्या अभ्यासक्रमाच्या अर्धवट राहिलेल्या पोरांना परीक्षेची एक शेवटची संधी मिळणार. फॉर्मला तीन आठवडे. यानंतर तो अभ्यासक्रमच बंद. काकांच्या यादीत निम्म्याहून जास्त नावांना अजून एकदाही फोन गेलेला नव्हता. रोज एक नाव करून भागणार नव्हतं. शनिवारी दुपारी मी त्यांच्या शेजारी बसून शेंगा सोलत होतो. त्यांनी एका बोटानं टाइप केलं: "ज्यांना अजून फोन केला नाही, त्या सर्वांची नावे काढ."

सहायकानं काम केलं. खाली ओळ आली, त्याच परगावच्या मराठीत: सर्व नावे काढली गेली आहेत.

"काढली म्हणतोय," काका म्हणाले. "कुठं काढली? दाखव की मंग."

त्यांनी पुन्हा टाइप केलं, दाखव. फाइलीत फक्त फोन झालेली नावं उरली होती. मी तेवीस त्यात होतो. न झालेलं एकही नाही.

मी पेनड्राइव्हकडे झेपावलो. पण प्रोग्राम बंद होताना फाइलीची प्रत आपोआप पेनड्राइव्हवर जावी, ही सोय आम्हीच आठवड्यापूर्वी करून घेतली होती. तिथंही तीच उरलेली यादी जाऊन बसली होती. जुन्या प्रती सांभाळून ठेवायच्या पद्धती असतात, हे मी पुढच्या सत्रात शिकलो.

काका बराच वेळ स्क्रीन वाचत बसले. मग त्यांचा नेहमीचा प्रश्न आला. "मधी कोण बसलं होतं रे?"

मी म्हणालो, "मधल्या कंपनीचं मॉडेल, काका. त्याला मराठी कळलं नाही."

हे खोटं नव्हतं. पण चौथी ओळ नसती तर त्यानं आधी विचारलं असतं, इतक्या नोंदी पुसू का म्हणून. काकांनी ते मोठ्यानं वाचलं असतं, आणि 'पुसू' या शब्दापाशी थांबले असते. मधी मी बसलो होतो. हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

"नाय रे," काका म्हणाले, "त्या बिचाऱ्याला कशाला. माझाच शब्द वाकडा. काढ. फोटू काढ, दात काढ, दिवस काढ. हापिसात नाव काढत्यात ते पुसायला, आन् बाप पोराला म्हणतो नाव काढ, तर ते मिरवायला. कुठलं काढ ते त्याला कसं कळावं?" मग हळू म्हणाले, "इतकी वर्षं हापिसाला नावं ठेवली. शेवटी माझ्याच हातानं काढली."

शेंगांची टरफलं गोळा केली आणि बसला उशीर होतोय म्हणालो. बसला उशीर होत नव्हता.

त्यानंतर मी दोनदा गेलो. त्या तीन ओळी उतरवलेली वहीच त्यांनी पुढून सुरू केली होती आणि आठवून लिहीत होते. आडनावं, फोन नंबर आठवत नव्हते; इतकी वर्षं नंबरानं हाक मारल्यावर कसे आठवणार? आठवायचं ते वेगळंच. "अकरा नंबर. देवगाव रंगारीची. डाव्या हातानं माउस धरायची." "सहा नंबर. खोकला. मामाकडं ऱ्हायचा." तेवढ्यावर ते एसटीनं गावोगाव शोधायला निघाले होते. मुलगा वैतागला होता. मला म्हणाला, "तुम्ही तरी सांगा त्यांना. पायाला सूज आहे, आन् हे फाट्याफाट्यावर डाव्या हाताची पोरगी विचारीत फिरत्यात. लोक काय म्हणतील?"

काकांनी मला विचारलं, "येतो का देवगावला? उतारावर हात धरायला." मी म्हणालो, परीक्षा आहे. परीक्षा होती, पण ती पंधरा दिवसांनी.

मग मी जाणं सोडलं. त्यांचे फोन येत राहिले. सुरुवातीला उचलले, मग नाही. पाचव्या फोनला काहीतरी वेगळं बोलतील अशी भीती वाटायची, आणि नेमका पाचवा मी उचललाच नाही. पुढं यायचे बंद झाले. कॉलेजात प्रयोगशाळेला नवे सहायक आलेत. खुर्च्या सगळ्या एका दिशेला असतात.

मागच्या महिन्यात सुट्टीला गावी होतो. बाजाराचा दिवस होता, वडिलांच्या पालावर दावी मांडून बसलो होतो. अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज.

"तेवीस नंबर का?"

मी उभा राहिलो. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं.

"मी देवगाव रंगारीहून बोलते. अकरा नंबर. तुम्ही मला वळखत नाय. काका आले होते आमच्याकडं. फॉर्मची तारीख होऊन गेली होती, तरी आले. मंग आनखी दोनदा आले. बारावीच्या पोरींचा क्लास घे म्हणायचे, आता घेते. शेवटच्या खेपेला वही इथंच ठेवून गेले, परत येतो म्हणाले. आले नाय, म्हणून मी फोन लावला, तर त्यांच्या मुलानं उचलला." मग ती म्हणाली, "काका गेले. दोन महिने झाले. तुम्हाला कुणी कळवलं नसंल म्हणून केला. वहीत पहिला नंबर तुमचाच हाय."

बाजारात कुणीतरी कासऱ्याचा भाव विचारत होतं.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "वहीच्या मागच्या पानावर त्यांनी इंग्रजीत कायतरी हातानं लिहिलंय. आधी तीन वळी हायेत, एका शाईत. मंग खाली चौथी, दुसऱ्या शाईत. चौथीखाली रेघ वढलीय. मला त्यातलं काय कळत नाय. तुम्हाला कळंल का?"

"हो," मी म्हणालो. "दुसरं काही लिहिलंय का तिथं?"

पानं उलटल्याचा आवाज आला.

"व्हय. रेघेच्या बाजूला, बारीक अक्षरात. शेरा असतो ना त्यांचा, तसा." आणि तिनं तो सावकाश, मोठ्यानं वाचला, "तेवीसला बस होती."